प्राण्यावरील माहितीलेखनाची सुरुवात मुलांना कशी आखायला शिकवावी?

प्रश्न असा आहे : पाचवीच्या वर्गाला एखाद्या प्राण्यावर माहिती लिहायला सांगितली की बहुतेक वह्यांमध्ये पहिले वाक्य 'माझा आवडता प्राणी शेळी आहे' असे येते, दुसऱ्या वाक्यात चार पाय, दोन डोळे आणि एक शेपूट येते, आणि पाचव्या-सहाव्या वाक्याला मूल थांबते, तर अशा लेखनाची प्रस्तावना आखायला मुलांना कसे शिकवावे आणि त्यासाठी किती तासिका द्याव्यात? प्रश्न विचारणाऱ्या शिक्षिका बीड जिल्ह्यातील एका वस्तीवरच्या शाळेत शिकवतात आणि त्यांच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी जनावरे आहेत. मी लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील शाळांमध्ये चौथी ते सातवीच्या वर्गांना अनेक वर्षे भाषा शिकवली आहे, म्हणून जे वर्गात करून पाहिले तेवढेच येथे लिहितो.

मुलांची सुरुवात कच्ची राहते ती बहुधा भाषा कच्ची असल्यामुळे नव्हे. आपल्याला काय सांगायचे आहे हे ठरण्याआधीच आपण त्यांना पहिले वाक्य लिहायला लावतो, आणि ज्याला पुढे काय येणार हेच ठाऊक नाही तो लिहिणारा, मूल असो की मोठा माणूस, हाताशी असलेल्या तयार वाक्याचा आधार घेतो. 'माझा आवडता प्राणी' हे तसे तयार वाक्य आहे. म्हणून प्रस्तावना वाचली जाते सर्वांत आधी, पण आखावी सर्वांत शेवटी. एवढी एक गोष्ट शिक्षकाने मनाशी पक्की केली, तर पुढचे काम निम्मे सोपे होते.

हे मला फार उशिरा कळले. सुरुवातीच्या काही वर्षांत मी फळ्यावर एक साचा लिहून देत असे : 'तुम्हाला माहीत आहे का, की ...? ... हा एक ... प्राणी आहे. चला, त्याच्याविषयी जाणून घेऊ या.' मुले रिकाम्या जागा भरत आणि वह्या स्वच्छ दिसत. एकदा सगळ्या वह्या एका बैठकीत वाचल्या, तेव्हा बत्तीस मुलांनी बत्तीस प्राण्यांवर एकच प्रस्तावना लिहिलेली आढळली. ज्या मुलाच्या घरी चार पिढ्यांपासून देवणी गाई आहेत त्याने आणि ज्याने गाय फक्त रस्त्यावर पाहिली त्याने अक्षरशः तीच वाक्ये लिहिली होती. साच्याने लेखन सोपे केले होते, पण मुलाला जे ठाऊक होते ते वहीत उतरण्याची वाटच त्याने बंद करून टाकली होती. त्यानंतर मी साचा देणे थांबवले. नियोजनाचे कागद द्यावेत, वाक्यांचे साचे देऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे.

नियोजनाला बसण्यापूर्वी एक भेद मुलांना स्पष्ट करून द्यावा लागतो, आणि त्यावर अर्धी तासिका खर्च झाली तरी हरकत नाही. 'आमची शेळी' आणि 'शेळी' हे दोन वेगळे विषय आहेत. 'आमची शेळी मागच्या उन्हाळ्यात हरवली होती' हे आठवणीचे लेखन झाले. 'शेळी झाडाच्या फांदीवर पुढचे पाय टेकवून उंचावरचा पाला खाते' हे माहितीचे लेखन झाले, कारण ते गावातल्या कोणत्याही शेळीबद्दल खरे आहे. मी मुलांना दहा-बारा वाक्ये ऐकवतो आणि प्रत्येक वाक्य एका शेळीचे आहे की सगळ्या शेळ्यांचे, ते हात वर करून सांगायला लावतो. 'आमची शेळी दोन करडे देते' या वाक्यावर हमखास वाद होतो, आणि तो वाद व्हायलाच हवा, कारण उस्मानाबादी शेळीला जुळी करडे होण्याचे प्रमाण चांगले असते, पण प्रत्येक वेतात दोन होतीलच असे नाही. मग 'बहुतेक वेळा', 'सहसा', 'पुष्कळदा' हे शब्द मुलांच्या लक्षात येतात आणि माहिती लिहिताना ते किती उपयोगाचे आहेत हे कळते.

आता नियोजनाच्या कागदाकडे येतो. वहीचे एक पान मधोमध आडवे आणि मग उभे दुमडले की चार चौकोन पडतात. वरचा डावा चौकोन कोरा ठेवायचा. त्यावर बोट ठेवून मी सांगतो की ही सुरुवातीची जागा आहे आणि आज तिला हात लावायचा नाही. उरलेल्या तीन चौकोनांत प्राण्याबद्दलची माहिती तुटक शब्दांत भरायची आणि भरून झाल्यावर प्रत्येक चौकोनाला नाव द्यायचे. नावे आधी देऊ नयेत. 'शरीर, अन्न, उपयोग' अशी तीन नावे आपणच दिली की मूल कोल्ह्यालाही 'उपयोग' शोधत बसते. माहिती आधी, तिचे गट नंतर, आणि गटांची नावे त्याहून नंतर असा क्रम ठेवला की घोरपडीच्या पानावर 'लपणे' आणि टिटवीच्या पानावर 'अंडी राखणे' अशी त्या त्या प्राण्याला शोभणारी नावे मुले स्वतः शोधतात.

पहिल्यांदा हे सगळे एकाच प्राण्यावर पूर्ण वर्गाने मिळून करावे. मी नेहमी टिटवी घेतो, कारण मराठवाड्यातल्या कोणत्याही गावच्या माळावर, नांगरलेल्या रानात किंवा पाझर तलावाच्या काठी ती असते, प्रत्येक मुलाने तिचा आवाज ऐकलेला असतो आणि तिच्याबद्दल खरी माहिती व लोकसमज यांचे मिश्रणही भरपूर सापडते. मुले सांगत जातात, मी फळ्यावर लिहीत जातो : लांब पिवळे पाय, डोळ्यापुढे लाल मांसल भाग, माणूस किंवा कुत्रे दिसताच ओरडणे, रात्रीही ओरडणे, किडे खाणे, झाडावर न बसणे, उघड्या जमिनीवर उथळ खळगा करून घरटे, भोवती खडे, कधी शेळीच्या लेंड्या, बहुधा चार अंडी, अंड्यांचा रंग मातीसारखा आणि त्यांवर काळे ठिपके. यात मी दोन गोष्टींची भर घालतो, कारण त्या सहसा मुलांनी पाहिलेल्या नसतात. कडक उन्हाळ्यात टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देते. आणि पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर थोड्याच वेळात चालू लागतात व धोका दिसला की जमिनीला चिकटून निश्चल पडून राहतात. मराठवाड्याचा उन्हाळा अनुभवलेल्या मुलाला पहिल्या गोष्टीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

गट पडतात ते असे : तिचे रूप व आवाज, तिचे अन्न व राहण्याची जागा, आणि तिने अंडी-पिल्ले राखणे. तिसरा गट सर्वांत भरलेला असतो. येथे मी मुलांना विचारतो, 'या तीनपैकी कशामुळे टिटवी ही टिटवी वाटते?' बहुतेक वर्ग तिसऱ्या गटाकडे बोट दाखवतो, आणि मगच आम्ही वरच्या डाव्या कोऱ्या चौकोनाकडे वळतो.

त्या चौकोनात तीन कामे लिहायची असतात आणि त्यांना मी मुलांच्या ओळखीची नावे देतो : आवतन, ओळख आणि वाट. जेवायला बोलवायचे म्हणजे आवतन द्यायचे, हे आपल्याकडच्या मुलांना सांगावे लागत नाही. त्याचप्रमाणे वाचकाला आत बोलावणारे एक वाक्य हवे. ओळख म्हणजे हा प्राणी कोण, तो कोणत्या गटातला आणि कोठे राहणारा हे सांगणारे वाक्य. आणि वाट म्हणजे पुढे कोणत्या गोष्टी वाचायला मिळतील हे सांगणारे वाक्य, जे उरलेल्या तीन चौकोनांच्या नावांवरून आपोआप तयार होते. या तिन्हींचा क्रम ठरलेला नाही. काही मुले ओळख आधी देतात आणि ती चांगली जमते. सुरुवातीला मात्र तिन्ही कामे झाली आहेत ना, एवढे पाहावे.

तीनपैकी ओळखीचे वाक्य सर्वांत कठीण असते, म्हणून त्यावर थोडे अधिक थांबतो. मूल लिहिते, 'टिटवी हा एक पक्षी आहे.' हे खरे आहे, पण अपुरे आहे. मी विचारतो, 'चिमणी पण पक्षी आहे, मग टिटवी वेगळी कशी?' मूल म्हणते, 'ती झाडावर घरटे करत नाही.' मग वाक्य वाढते : 'टिटवी हा माळरानावर आणि पाण्याच्या आसपास राहणारा, जमिनीवर घरटे करणारा पक्षी आहे.' म्हणजे आधी मोठा गट, मग त्या गटात याला वेगळे ठरवणारी एक-दोन वैशिष्ट्ये. मोठा गट चुकण्याची शक्यता असते हे लक्षात ठेवावे. वटवाघूळ उडते म्हणून मुले त्याला पक्षी लिहितात, आणि ते सस्तन आहे, पिल्लांना दूध पाजते, हे तेव्हाच सांगितले तर पुढचे सगळे लेखन सरळ होते. वरच्या वर्गात नावाबाबतही नेमकेपणा मागावा. आपल्या भागात टिटवीचे दोन प्रकार दिसतात; डोळ्यापुढे लाल भाग असलेली ताम्रमुखी आणि पिवळा भाग असलेली पीतमुखी. आपण कोणत्या टिटवीबद्दल लिहितो आहोत हे सातवीच्या मुलाने ओळखीतच सांगायला हवे.

ओळखीच्या वाक्यासाठी आणि खरे तर पूर्ण प्रस्तावनेसाठी माझ्या वर्गात एक कसोटी रुळली आहे, तिला मुले 'म्हशीची कसोटी' म्हणतात. आपण लिहिलेल्या वाक्यातील प्राण्याचे नाव काढून तेथे 'म्हैस' घालून पाहायचे. 'शेळीला चार पाय, दोन कान आणि एक शेपूट असते' या वाक्यात म्हैस सहज बसते, म्हणून हे वाक्य सुरुवातीत ठेवण्याच्या कामाचे नाही. 'शेळी दूध देते' यातही म्हैस बसते. 'शेळी बाभळीच्या काटेरी फांदीतून नेमका पाला खुडून खाते' यात म्हैस बसत नाही, म्हणून ते राहू द्यायचे. ही कसोटी मुले स्वतः लावू शकतात, एकमेकांच्या वहीला लावू शकतात, आणि 'अजून छान लिही' या आपल्या मोघम शेऱ्यापेक्षा ती त्यांना कितीतरी अधिक उपयोगी पडते. अर्थात म्हशीवर लिहिणाऱ्या मुलाने गाय घालून पाहावी.

आवतनाच्या वाक्याबाबत माझा अनुभव असा की मुले एकाच पद्धतीला चिकटून बसतात, आणि ती पद्धत म्हणजे प्रश्न. प्रश्न वाईट नाही, पण वर्गातल्या सगळ्यांनी प्रश्नच विचारला तर एकाचाही परिणाम राहत नाही. म्हणून मी टिटवीवर तीन-चार आवतने फळ्यावर मोठ्याने विचार करत लिहितो, काही खोडतो, आणि का खोडले तेही सांगतो. 'उन्हात तापलेल्या माळावर चार अंडी उघडी पडलेली असतात, तरी शेजारून जाणाऱ्या माणसाला ती दिसत नाहीत.' हे राहू देतो, कारण यात चित्र आहे आणि ते खरे आहे. 'टिटवी फार शूर आहे' हे खोडतो, कारण ते आपले मत आहे. तिने काय केले हे लिहिले तर शूर म्हणायचे की नाही ते वाचक ठरवील. 'रात्री अंधारात टिटीव-टिटीव असा आवाज आला की राखणदार उठून बसतो' हेही ठेवतो. खोडण्याचे काम मुलांसमोर करावे, हे मी आग्रहाने सांगतो. शिक्षकाने घरून तयार वाक्य आणून फळ्यावर उतरवले तर मुलांना वाटते की चांगली वाक्ये पहिल्याच फटक्यात येतात, आणि आपली येत नाहीत म्हणजे आपल्याला जमत नाही.

लोकसमजांचा प्रश्न येथेच उभा राहतो. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जास्त पडतो, असे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, आणि मूल ते वाक्य अभिमानाने सुरुवातीला घालते. ते काढून टाकायला सांगू नये. 'असे आपल्या भागातले शेतकरी मानतात' एवढे शब्द जोडायला सांगावे, म्हणजे माहिती आणि समज यांतला फरक मूल स्वतःच्या हाताने लिहिते. मात्र जेथे समज सरळ चुकीचा आहे तेथे शिक्षकाने स्पष्ट बोलावे. मुंगूस एक विशिष्ट वेल खाऊन सापाचे विष उतरवते, असे मुले घरी ऐकून येतात. प्रत्यक्षात मुंगूस वाचते ते मुख्यतः चपळाईने आणि अंगावरच्या राठ केसांमुळे, आणि त्याच्या शरीराच्या घडणीमुळे नागाच्या विषातील काही घटकांचा त्याच्यावर इतर प्राण्यांइतका परिणाम होत नाही. ही खरी गोष्ट सांगितली तर मुलाला त्या वेलीची गरज वाटत नाही. मोरावर लिहिणाऱ्या मुलांचेही असेच होते. 'मोर शेपटीचा पिसारा फुलवतो' असे ते लिहितात, पण पिसाऱ्याची लांब पिसे शेपटीची नसून शेपटीच्या वरच्या बाजूची असतात, ती फक्त नराला असतात, आणि पावसाळा सरता सरता गळून दरवर्षी नवी येतात. नायगावच्या मयूर अभयारण्याच्या परिसरातील मुलांनी अशी गळलेली पिसे पाहिलेली असतात, त्यामुळे हे त्यांना चटकन पटते. मोर 1963 पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे हे वाक्य जवळजवळ प्रत्येक वहीत येते. ते ओळखीत एका वाक्यखंडापुरते असावे, आवतनात नको, कारण जे सर्वांनाच ठाऊक आहे त्याने कोणी आत येत नाही.

मराठीत लिहिताना आणखी एक अडचण येते, आणि तिची दखल नियोजनाच्या कागदावरच घ्यावी लागते. 'टिटवी हा जमिनीवर घरटे करणारा पक्षी आहे' असे लिहिले की पुढच्या वाक्यात 'तो' लिहायचे की 'ती'? मुले एका ओळीत 'तो किडे खातो' आणि दुसऱ्या ओळीत 'ती अंडी घालते' असे लिहितात आणि वाचणाऱ्याला दोन वेगळे पक्षी वाटतात. मुंगसाच्या बाबतीत तर 'मुंगूस हा प्राणी', 'तो', 'ते' असे सगळेच येऊन जाते. मी कोऱ्या चौकोनाच्या कोपऱ्यात प्राण्याचे नाव आणि त्याच्यापुढे एकच सर्वनाम लिहायला लावतो : टिटवी – ती; मुंगूस – ते; कोल्हा – तो; घोरपड – ती. 'हा पक्षी' किंवा 'हा प्राणी' हे शब्द प्रत्यक्ष आले तर त्या वाक्यापुरते पुल्लिंगी रूप चालेल, पुढच्या वाक्यात पुन्हा नावाच्या लिंगाकडे यायचे. अनेकवचन निवडले, 'टिटव्या', तर ते शेवटपर्यंत ठेवायचे. ही एवढी खूण कोपऱ्यात असली तर तपासताना लाल शाई पुष्कळ वाचते.

शब्दांच्या बाबतीत मी मुलांच्या बोलीला हात लावत नाही, पण तिला सोबत देतो. नीलगायीला आपल्याकडे रोही म्हणतात. मुलाने ओळखीत 'नीलगाय, जिला आपल्या भागात रोही म्हणतात' असे लिहिले तर कोकणातल्या वाचकालाही ते कळते आणि घरच्या शब्दाचाही मान राहतो. वाचक कोण हे ठरवून देण्याचाही येथे उपयोग होतो. 'ज्याने देवणी गाय कधी पाहिली नाही अशा मुंबईच्या मुलासाठी लिही' असे म्हटले की देवणी भागातले मूल लगेच सांगू लागते की अंग पांढरे असून तोंडाच्या बाजू काळ्या असतील तर ती वानेरा प्रकारची, आणि पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके असतील तर ती शेवरा प्रकारची. कंधारकडच्या मुलाला तिकडच्या लाल कंधारी जातीच्या गाईबद्दल असेच विचारावे. आपण शिक्षक म्हणून वाचक असलो की ते हे काही सांगत नाही, कारण गुरुजींना सगळे ठाऊकच आहे असे ते धरून चालते.

ऊसतोडीला आईवडिलांबरोबर जाऊन आलेल्या मुलांचा उल्लेख येथे मुद्दाम करतो. अशी मुले लेखनात मागे असतात, वर्गात गप्प बसतात, आणि त्यांचा कागद बहुधा कोरा राहतो. परंतु बैल चढावर कसा जोर लावतो, थकलेला बैल कशावरून ओळखायचा, तो रवंथ करेनासा झाला म्हणजे काय समजायचे, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. त्यांच्याशी नियोजन तोंडी करावे : मुलाने सांगावे, शिक्षकाने किंवा सोबतच्या मुलाने चौकोनात शब्द लिहावेत, आणि आवतनाचे वाक्य मूल ज्या शब्दांत बोलले त्याच शब्दांत आधी उतरवून घ्यावे. प्रमाण रूप नंतर देता येते. बैलावरची मला आठवणारी सर्वांत चांगली सुरुवात अशाच एका मुलीने सांगितली होती : 'गाडी भरली की बैल आधी मान खाली घालतो, मग पाय रोवतो.' पुढे 'बैल हा ओझे ओढणारा पाळीव प्राणी आहे' हे ओळखीचे वाक्य तिने स्वतः जोडले.

तासिकांबद्दल विचारले आहे, तर माझ्या हिशेबाने पाच लागतात. पहिली 'एक शेळी की सगळ्या शेळ्या' या भेदासाठी आणि बोलण्यासाठी. दुसरी टिटवीवर सर्वांनी मिळून चौकोन भरण्यासाठी. तिसरी फळ्यावर सुरुवात लिहिण्या-खोडण्यासाठी. चौथी प्रत्येकाने आपल्या प्राण्याचे तीन चौकोन भरून मग वरचा चौकोन भरण्यासाठी. दुसऱ्या आणि चौथ्या तासिकेमध्ये दोन-तीन दिवसांचे अंतर राहिले तर बरे, कारण मुले त्या काळात घरी आजोबांना, गुराख्याला किंवा जनावरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांना विचारून येतात. चौथीच्या वर्गाकडून मी फक्त ओळख आणि वाट मागतो, आवतन ज्याला सुचेल त्याने लिहावे.

पाचव्या तासिकेत तपासणी, आणि तीही मुलांनीच करायची. दोघा-दोघांच्या जोड्या करून एकाने फक्त आपली सुरुवात वाचायची आणि वही मिटायची. दुसऱ्याने पुढे काय काय वाचायला मिळेल ते सांगायचे. त्याने सांगितलेल्या गोष्टी उरलेल्या तीन चौकोनांशी जुळल्या तर सुरुवात तिचे काम करते आहे. जुळल्या नाहीत तर काय बदलायचे हे लिहिणाऱ्यानेच ठरवायचे : कधी वाटेचे वाक्य बदलावे लागते, आणि कधी असे लक्षात येते की ऐकणाऱ्याने ज्याची अपेक्षा केली ती गोष्ट लेखनात असायला हवी होती आणि तीच राहून गेली, मग एक चौकोन नव्याने भरावा लागतो. पूर्ण लेख लिहून झाल्यावर वाटेचे वाक्य पुन्हा एकदा वाचायला लावावे, कारण लिहिता लिहिता मुले एखादा गट सोडून देतात किंवा नवा घालतात आणि सुरुवातीत जुनेच वाक्य राहून जाते. हा बदल करताना मी खोडरबर वापरू देत नाही. जुन्या वाक्यावर एक सरळ रेघ मारून नवे वाक्य त्याच्या वर लिहायचे, म्हणजे वही तपासताना मुलाने काय बदलले आणि का बदलले असावे हे मला दिसते.